झाडाखालची जमीन आधी राखावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कारवारसारख्या पाऊण लाखाच्या आसपास वस्तीच्या किनारी शहराने पर्यावरण आणि वृक्षसंरक्षणाची कामे कोणत्या क्रमाने हाती घ्यावीत, याविषयी आपल्या पत्रातून चार शब्द मांडण्याची संधी मिळावी. माझे माहेर काळी नदीच्या पलीकडचे, सदाशिवगडचे. लग्नानंतर गेली पस्तीस वर्षे मी बेळगावात राहते आणि भावाचे घर कोडीबागेत असल्यामुळे वर्षातून दोन-तीन वेळा तरी कारवारला जाणे होते. जून उजाडला की दोन्ही शहरांत रोपे वाटण्याचे आणि खड्डे खणण्याचे कार्यक्रम सुरू होतात. त्या कार्यक्रमांना माझा विरोध मुळीच नाही, शिक्षिका म्हणून मी स्वतः मुलांकडून शेकडो रोपे लावून घेतली आहेत. पण हाताशी पैसा थोडा आणि माणसे त्याहून थोडी असताना छोट्या शहराने रोपांच्या संख्येपासून सुरुवात करू नये, आज उभ्या असलेल्या झाडांच्या पायाखालची जमीन आधी राखावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

भावाच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी बकुळ आहे. गल्लीचे काम झाले तेव्हा काम करणाऱ्यांनी फरशीचे ठोकळे थेट बुंध्यापर्यंत भिडवले आणि उरलेल्या फटीत सिमेंट ओतले. मागच्या खेपेला भावजयीने मला मुद्दाम तिथे नेऊन दाखवले, तर सिमेंटची कड सालीत बोटभर रुतलेली होती आणि झाडाची रस्त्याकडची बाजू वरून वाळत चालली होती. ज्या फुलांचा रोज सकाळी ओंजळभर सडा पडायचा, ती आता मोजून वेचावी लागतात. या झाडावर कोणीही कुऱ्हाड चालवलेली नाही, त्यामुळे कोठेही तक्रार नाही, परवानगीचा प्रश्न नाही आणि नोंदही नाही. मुळांना हवा मिळत नाही, पावसाचे पाणी ठोकळ्यांवरून गटारात जाते, आणि एक दिवस वादळात झाड उन्मळून पडले की ‘धोकादायक झाड’ म्हणून त्याचा निकाल लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. तेवढी एक मीटर जागा कारवारच्या प्रत्येक रस्त्याच्या निविदेत अट म्हणून लिहिली, तर तिला वेगळा खर्च कितीसा येणार आहे?

काळीच्या काठावर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर चालते, आणि माझ्या मते शहराच्या यादीत पहिले नाव तिथल्या कांदळवनाचे, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडांचे, असायला हवे. पूल होण्याआधी आम्ही होडीने नदी ओलांडत असू, तेव्हा ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली तिवराची मुळे जवळून दिसत. पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी ती शेकड्यांनी उभी असतात. तिवर या मुळांनी श्वास घेतो, कारण भरतीच्या खाऱ्या चिखलात आतल्या मुळांना हवा मिळत नाही. त्यांच्यावर वीतभर राडारोडा किंवा भरावाची माती पडली की वरचे झाड काही दिवस हिरवे दिसते आणि मग उभ्या उभ्या मरते. तिवरासारखेच खारफुटीतले दुसरे झाड म्हणजे कांदळ; त्याचे बी तर झाडावरच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखे लांब होऊन खाली सुटते. खाली मऊ चिखल असेल तर ते तिथेच रुतून रोप होते, पण खाली दगडविटांचा ढीग असेल तर भरतीबरोबर वाहून जाते. म्हणजे जमीन शाबूत ठेवली तर नदीकाठी रोपे लावायची गरजच फारशी पडत नाही, निसर्ग ते काम फुकट करतो. या मुळांच्या आडोशाला कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात आणि त्यांच्यावर बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांचे घर चालते, हे कारवारच्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने खारफुटीला सर्वांत संवेदनशील वर्गात ठेवले आहे आणि एक हजार चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितले आहे. हा पट्टा कागदावरच्या नकाशात असतो, काठावर कोठे सुरू होतो ते कोणालाच दिसत नाही. तिथे दगडी खुणा रोवणे आणि राडारोडा टाकण्यासाठी शहराबाहेर दुसरी जागा नेमून देणे ही दोन कामे वृक्षारोपणाच्या कोणत्याही कार्यक्रमाआधी व्हावीत. पलीकडचा काठ ग्रामपंचायतीकडे आहे, म्हणून दोन्ही काठांचा विचार एका बैठकीत व्हायला हवा. याच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अघनाशिनीच्या खाडीला २०२४ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. काळीच्या मुखाला तसा मान मिळो वा न मिळो, तिची काळजी घेणे आपल्याच हातात आहे.

दुसरा क्रम डोंगरउतारांचा. कारवारात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि समुद्र व डोंगर यांच्यामध्ये शहराला जेमतेम एक पट्टी मिळाली आहे, त्यामुळे घरासाठी किंवा रस्त्यासाठी डोंगराचा पायथा तासण्याचा मोह सतत होतो. पायथा तासला की वरच्या मातीचा आधार जातो, पाणी मुरून ती जड होते आणि झाडांसकट खाली येते. अशा वेळी उतारावर झाडे किती होती, याला काही अर्थ उरत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये कडवाडच्या झरीवाड्यात घरे माणसांसह गाडली गेली आणि १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातील शिरूर येथे महामार्गालगतचा डोंगर कोसळून माणसे आणि वाहने गंगावळीच्या पात्रात गेली. या दोन घटनांनंतरही उतार खोदण्याची परवानगी आणि झाड तोडण्याची परवानगी या दोन वेगळ्या टेबलांवरच्या गोष्टी राहणार असतील, तर ते मनाला फार लागते.

समुद्रकिनाऱ्याविषयी थोडक्यात लिहिते. किनाऱ्यावरची सुरूची झाडे आपल्या सर्वांच्या आठवणीतली आहेत, पण वाळू धरून ठेवण्याचे काम जमिनीलगत पसरणारी मर्यादवेल करते आणि सुशोभीकरण करताना आधी तीच उपटली जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनाऱ्याची किती धूप केली ते सर्वांनी पाहिले. नवी झाडे लावायचीच असतील तर गुलमोहरासारखी ठिसूळ झाडे सोडून उंडी, भेंड आणि करंज यांना जागा द्यावी, कारण खारा वारा त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. जानेवारी २०२० मध्ये बंदराच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी मच्छीमार समाज टागोर किनाऱ्यावर उतरला होता, त्यामागे उरलेली मोकळी वाळूही हातची जाईल ही भीती होती. अग्रक्रम ठरवताना त्या समाजाला बैठकीत पहिल्या रांगेत बसवावे.

कायदा नाही असे नाही. कर्नाटक वृक्षसंरक्षण अधिनियम १९७६ सालचा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहे, झाडांची गणना करण्याचे काम सोपवलेले आहे, आणि तोडणे या शब्दात झाडाला इजा करणेही येते. बकुळीच्या बुंध्यात ओतलेले सिमेंट आणि तिवराच्या मुळांवर टाकलेला भराव या व्याख्येत बसतो की नाही, हे एकदा तरी अधिकाऱ्यांनी लेखी सांगावे. गणना करताना झाडांची संख्या आणि घेर लिहून थांबू नये, बुंध्याभोवती माती किती मोकळी आहे तेही नोंदवावे. कारवारच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी एका सुट्टीत हे काम करू शकतील, असा माझा शिक्षकी अनुभव सांगतो.

बेळगावकर म्हणून एक गोष्ट जड अंतःकरणाने लिहिते. आमच्याकडे खानापूर मार्गाचे रुंदीकरण झाले तेव्हा दुतर्फाची जुनी झाडे गेली. त्या सावलीतून शाळेला ये-जा केलेल्या आम्हा अनेकांना झाडे पडू लागल्यावरच ती पडणार हे कळले. सूचना निघाली असेलही, पण ती आमच्या वाचनात आली नाही. म्हणून कारवारात झाड काढण्याची कोणतीही सूचना त्या झाडावरच लावावी आणि ती राज्यभाषा कन्नडबरोबर मराठी आणि कोंकणीतही असावी, म्हणजे रोज त्या झाडाखालून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही आपले म्हणणे वेळेत मांडता येईल. ही मागणी भाषेच्या वादातून केलेली नाही, सूचना लोकांना समजावी एवढाच तिचा हेतू आहे.

अग्रक्रम ठरवायचे म्हटले की काही कामे मागे ठेवावी लागतात, आणि ते स्पष्ट बोलणे टाळले जाते. दुभाजकांतली शोभेची ताडझाडे, झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा आणि नवे कारंजे दोन वर्षे थांबले तर शहराचे काही बिघडणार नाही. तो पैसा नदीकाठच्या खुणांना, उतारांच्या पाहणीला आणि बुंध्यांभोवतालचे सिमेंट फोडण्याला द्यावा. या शेवटच्या कामाला तर पहार, घमेले आणि दोन मजूर पुरतात. पहिला पाऊस पडण्यापूर्वी कोडीबागेतल्या त्या बकुळीपासून त्याची सुरुवात व्हावी, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शहापूर, बेळगाव