मधुमेही मुलांची वेळेवर तपासणी हवी

महोदय,
टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या घरी सारे लक्ष रोजच्या साखरेवर आणि इन्सुलिनवर असते. मूत्रपिंडांवरचा आणि डोळ्यांवरचा परिणाम मात्र सुरुवातीला काहीही त्रास न देता वाढत जातो. म्हणूनच वयाच्या ११ व्या वर्षापासून, आजाराला दोन ते पाच वर्षे झाली असतील तर लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंडांना इजा झाल्यास लघवीत उतरणारे प्रथिन) आणि डोळ्यांचा पडदा तपासत राहावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या, रक्तातील सिस्टॅटिन-सीसारख्या निर्देशकांवरचे संशोधन स्वागतार्हच आहे; पण लघवीची ही साधी तपासणी तरी आधी प्रत्येक मुलापर्यंत पोहोचू द्या!

विदर्भात आणखी एक अडचण आहे. येथे बऱ्याच प्रमाणात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारात मुलांच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. त्यामुळे या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी फसवी ठरते, आकडा प्रत्यक्षाहून कमी येऊ शकतो. पालक निर्धास्त होतात आणि नुकसान आत चालूच राहते. लोहाच्या कमतरतेत उलट तो वाढलेला दिसू शकतो. अशा मुलांसाठी तांबड्या पेशींवर अवलंबून नसलेली, रक्तातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसामाइनची रक्ततपासणी आणि ग्लुकोमीटरच्या नोंदी उपयोगी पडतात. आरोग्य विभागाने फ्रुक्टोसामाइन आणि अल्ब्युमिन या दोन्ही तपासण्या जिल्हा रुग्णालयांत मोफत उपलब्ध कराव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर