दादा, पंख्याचे पैसे घेतलात, बाकीचे राहिलेत

आदरणीय दादा,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते चालायचं नाही. बेळगावच्या शहापुरात ज्यांनी कधी तुमच्याकडून प्रिंटर नाहीतर लॅपटॉप नीट करून घेतलाय ते ओळखतीलच. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही मान वर न करता "ते असू दे, चार्जर आणलास काय?" असं विचारता. म्हणून हे असं चारचौघांत.

खानापुरात जूनचा पाऊस लागला की घरातल्या कुठल्या वस्तूला बुरशी येईल सांगता येत नाही. त्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, म्हणून मी तो प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून तुमच्याकडं आणला. तुम्ही पंखा बदललात आणि म्हणालात, "कायतरी जड चालव बघू, तापतंय काय बघू." माझ्याकडं जड असं एकच होतं, युरोपा युनिव्हर्सॅलिस ४. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीनं २०१३ मध्ये काढलेला हा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो आणि थेट १८२१ पर्यंत चालतो. जगाच्या नकाशावरचं कुठलंही राज्य घ्यायचं आणि चालवायचं. मी घेतलेलं बायझँटियम. पूर्वेचं रोमन साम्राज्य म्हणायचं, पण हातात उरलेलं काय, तर कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) शहर आणि खाली ग्रीसच्या टोकाला मोरियाचा तुकडा. मधे सगळे ऑटोमन तुर्क.

पडद्यावर माझ्या शहराला वेढा पडलेला. साल १४४७.

"ही कितवी खेप?" तुम्ही विचारलंत.

"अकरावी."

"युद्ध कोण सुरू करतंय?"

"तेच. दरवेळी."

"आणि त्या दिवशी त्यांचं सैन्य कुठं असतंय?"

मला सांगता आलं नाही. त्यांचं सैन्य किती आहे हे मला पाठ होतं, रोज दोनदा मोजायची. कुठं आहे, हे अकरा खेळांत एकदाही नीट बघितलं नव्हतं. तुम्ही पंख्याचे पैसे घेतलेत, पावती फाडलीत आणि म्हणालात, "पुढच्या रविवारी सांग."

दादा, खरं सांगते, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. मी उपाय विचारत होते आणि तुम्ही गृहपाठ दिलात. पण रात्री बसले, जुन्या हिशेबाच्या वहीत दोन रकाने आखले, एकात तारीख आणि दुसऱ्यात तुर्कांची मोठी फौज कुठं. खेळातली पाच वर्षं खेळून बघितली, त्यातली चार हरायच्या तयारीनंच. तेव्हा कळलं की ती फौज माझ्या दारात बसून नसतेच. कधी पूर्वेला अनातोलियात करामानच्या राज्यावर गेलेली असते, कधी बंड मोडायला, कधी वायव्येला. तिला माझ्याखेरीज दहा कामं आहेत. माझ्याकडं मात्र तिच्याकडं बघण्याखेरीज दुसरं काम नव्हतं, आणि तेवढंच मी करत नव्हते.

पुढच्या रविवारी वही दाखवली तर तुम्ही ती उलटी-सुलटी करून बघितलीत आणि विचारलंत, "दोस्त कोण कोण?" मी अभिमानानं तीन नावं सांगितली. तिघेही लगेच हो म्हणालेले. "जो मागितल्याबरोबर हो म्हणतोय तो तुझ्याच रांगेत उभा हाय की गे," असं तुम्ही म्हणालात, आणि समोरचं गिऱ्हाईक उगाचच हसलं. त्यानंतर मी वकील हंगेरीला पाठवला. तुर्कांविरुद्धची वार्नाची लढाई खेळ सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी, १० नोव्हेंबरला झालेली. पोलंड आणि हंगेरीचा राजा व्लादिस्लाव तिच्यात पडलेला. म्हणजे तुर्कांशी वैर असलेले शेजारी मला शोधावे लागत नव्हते, त्यांची मर्जी तेवढी सांभाळायची होती. हंगेरीचा होकार यायला दीड वर्ष लागलं. वकिलाला मधे दुसरीकडं हलवायचा मोह मला तीनदा झाला.

मग कर्ज. इथं तुम्हाला माझ्याशी सर्वांत जास्त झगडावं लागलं. आमच्या घरात हातउसनं घेणं म्हणजे नाक कापल्यासारखं. मी पैसा साठवत बसायची आणि साठलेल्या पैशासकट शहर तुर्कांच्या हवाली करायची. तुमचा हिशेब साधा होता. खेळातलं कर्ज पाच वर्षांच्या मुदतीचं. जिंकलीस तर नव्या मुलखाच्या वसुलीतून नि तहातल्या पैशातून फेडशील. हरलीस तर शहरच राहत नाही, मग वसुलीला येणार कोणाच्या दारात? एरवी घराला हा सल्ला कुणी देऊ नये, पण बायझँटियमला तो लागू होता. धडधाकट राज्यानं असं कर्ज काढलं तर ते व्याजात बुडेल. ज्याची मुदतच तीन-चार वर्षांची आहे त्यानं पाचव्या वर्षाच्या हप्त्याची काळजी करणं हाच मूर्खपणा.

त्या पैशात भाडोत्री फौज आणि गॅली. गॅली म्हणजे वल्ह्यांची लढाऊ गलबतं. स्वस्त असतात, आणि भूमध्य समुद्रासारख्या बंदिस्त पाण्यात त्यांचा जोर दुप्पट होतो. उघड्या महासागरात त्यांना कुणी विचारत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात की दुबळ्यानं आपल्या अंगणातल्या पाण्यातच भांडावं. मोठी जहाजं घ्यायची माझी हौस तिथंच संपली.

बाराव्या खेपेला युद्ध मी सुरू केलं. वहीत त्या दिवसापुढं लिहिलेलं आहे, "फौज करामानात, सुलतान सोबत". हंगेरी उत्तरेकडून उतरली. मी आधी गॅलिपोलीचा किनारा काबीज केला, गॅलींनी तुर्कांचं आरमार हटवलं आणि सामुद्रधुनीत जाऊन उभ्या राहिल्या. माघारी आलेली ती अवाढव्य फौज पलीकडच्या काठावर थांबली. समोर दिसत होती, पण येता येत नव्हतं. इतका वेळ मी तिला बघत होते, आता ती मला बघत होती.

तुर्कांच्या राजधानीचा, एदिर्नेचा वेढा मात्र लांबला. वेढ्यात दर तीस दिवसांनी फासा पडतो. कधी तटाला खिंडार, कधी आपल्याच छावणीत रोगराई. तिसऱ्या फाशाला खानापुरात लाईट गेली. बॅटरी वीस मिनिटांची. आई मेणबत्ती घेऊन आली आणि म्हणाली, "एवढ्या अंधारात कसला हिशेब करतेस?" मी म्हटलं, मार्चअखेर. बाहेर ऑगस्ट चाललेला.

तहाच्या वेळी मी सगळंच मागायला निघाले होते. तेव्हा रात्री साडेनऊला तुम्हाला फोन केला, तुम्ही जेवत होता. "पचंल तेवढं घे," म्हणालात, "बाकीचं पळून जात नाही." त्यामागचं गणित नंतर कळलं. मुलूख पचवायच्या आत जास्त गिळला तर बंडं होतात. आसपासच्या राज्यांना धास्ती बसली की ती एकजूट करून अंगावर येतात. शिवाय जितकं जास्त घ्याल तितकी युद्धबंदी लांब, पाचपासून पंधरा वर्षांपर्यंत. एदिर्ने आणि गॅलिपोलीचा किनारा एवढंच घेतलं. किनारा अशासाठी की पुढच्या खेपेला पलीकडून येणाऱ्यानं माझ्या अंगणातून यावं.

खऱ्या इतिहासात हा हिशेब दुसऱ्या बाजूनं केला. तुर्कांच्या सुलतान मेहमेदनं १४५२ मध्ये बॉस्फरसच्या युरोपकडच्या काठावर रुमेली हिसार हा किल्ला काही महिन्यांत उभा केला आणि शहराचं पाणी आधी आवळलं, तोफा नंतर. २९ मे १४५३ ला शहर पडलं तेव्हा तटावर लढणारे सात हजारांच्या आसपास होते. हे तुम्हीच मला सांगितलंत, एका प्रिंटरचा रोलर पुसता पुसता. आणि वर म्हणालात, "एवढ्या लांब कशाला जातीस, किल्ल्यातली कमल बस्ती बघून ये." शाळेच्या सहलीत बघितलेली होती, पण गेले. १२०४ चं जैन देऊळ, रट्टांच्या कारकिर्दीतलं. सौंदत्तीचे हे रट्ट आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक, मग कल्याणीच्या चालुक्यांचे, चालुक्य ढिले पडल्यावर स्वतंत्र, आणि शेवटी देवगिरीच्या यादवांनी त्यांना संपवलं. मोठी घराणी येत-जात राहिली आणि मधे हे आपले पिढ्यान्‌पिढ्या टिकून. खेळात मांडलिक होणं मला हरण्यासारखं वाटायचं. त्या थंडगार दगडी मंडपात उभी असताना ते मत थोडं हललं. नंतर एकदा रागुसाही (आजचं दुब्रोव्हनिक) खेळून बघितलं. १४५८ पासून तुर्कांना खंडणी देत ते शहर १८०८ पर्यंत व्यापार करत राहिलं. पण मला तो खेळ कंटाळवाणा वाटला, हेही सांगून टाकते.

एका गोष्टीत तुमचं मला पटलेलं नाही. मागचा सेव्ह उघडून परत खेळणं म्हणजे लबाडी, असं तुमचं म्हणणं. मला वाटतं, शिकणाऱ्याला ती मुभा पाहिजे. अकरा वेळा मी मुळापासून सुरू केलं, म्हणूनच तीच चूक दरवेळी नव्यानं केली. एकच युद्ध चारदा खेळले असते तर सैन्य कुठं आहे हे तुमच्याविना दिसलं असतं. कदाचित. तुम्ही "बघ की" म्हणून खांदे उडवाल, ते दिसतंय मला.

आणि हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पगारवाढ मी दरवर्षी दिवाळीला मागायची, तेव्हा साहेब निवांत असायचे आणि निवांतपणे नाही म्हणायचे. यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मागितली. साहेबांचं सगळं सैन्य तेव्हा जीएसटीच्या आघाडीवर अडकलेलं. मिळाली. जास्त मागितली नाही, पचेल तेवढीच.

तुम्ही इतक्या रविवारांत एकदाही माझ्या हातातला माऊस घेतला नाहीत. हे मला फार उशिरा लक्षात आलं. माझ्या भावानं पहिल्याच दिवशी घेतला असता.

आता नवीन खेळ मांडलाय, अल्बानिया. स्कंदरबेग नावाचा एक जबरदस्त सेनापती आहे आणि बाकी काहीच नाही. वहीत नवीन पान काढलंय, दोन रकाने आखलेत, पहिल्या तीन महिन्यांची नोंद झालीय. रविवारी घेऊन येते. येताना कुंदा आणीन, नाही म्हणू नका. लॅपटॉपही आणावा लागेल. पंखा परत घरघरायला लागलाय, आणि या खेपेला पावतीवर नुसता पंखा लिहायचा नाही.

आपली,
अकरा वेळा हरलेली खानापूरकर