बाळंतपण एक, बाळं दोन: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांसी,

स.न.वि.वि.

प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत जुळ्यांचं बाळंतपण एका ओळीत मावतं. खाट किती, परिचारिका किती, रजा किती, घरभेटी किती, हा हिशेबही पुष्कळ ठिकाणी त्याच एका ओळीवरून मांडला जातो. बाळं मात्र दोन असतात, कधी तीन, आणि बरीचशी मुदतीआधी आलेली. आम्ही प्रसूतिकक्षात, नवजात अतिदक्षता विभागात आणि पुढे घरी जाऊन या कुटुंबांसोबत काम करतो. आपल्याकडे मागणं एकच आहे: हिशेब बाळंतपणागणिक नको, बाळागणिक करा.

सुरुवात पहिल्या सोनोग्राफीपासून. ‘जुळी आहेत’ एवढं लिहून रिपोर्ट संपवला, तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहायची राहिली. दोघांना वार (नाळ जिला जोडलेली असते आणि जिच्यातून बाळाचं पोषण होतं ती) एकच आहे की प्रत्येकाची वेगळी, हे 11 ते 14 आठवड्यांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं पुढे दिसत नाही. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे जाडसर त्रिकोण दिसला तर वार वेगवेगळी. पडदा पातळ असेल आणि काटकोनात येऊन टेकत असेल तर एकच. पुढे तो त्रिकोण पुसट होत जातो, आणि मुळात वेगळ्या असलेल्या वारही वाढता वाढता चिकटून एकसंध दिसू लागतात. मग अंदाज बांधत बसावं लागतं.

आणि अंदाजावर इथे भागत नाही. वार एकच असेल तर दोघांच्या रक्तवाहिन्या तिच्यात एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा गरोदरपणांपैकी साधारण 10 ते 15 टक्क्यांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे ओढलं जातं. देणाऱ्याच्या पिशवीतलं पाणी आटतं, घेणाऱ्याच्या पिशवीत बेसुमार वाढतं. म्हणून 16 व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी हवी, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पिशव्यांतल्या पाण्याची सर्वांत खोल जागा वेगवेगळी मोजून लिहायला हवी. एकीकडे 2 सेंटीमीटरच्या खाली आणि दुसरीकडे 8 च्या वर आकडा गेला, की ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणायचं नसतं. दुर्बिणीतून लेझरने त्या वाहिन्या बंद करण्याची सोय असलेल्या केंद्राला तत्काळ कळवायचं असतं. चार-पाच दिवसांत पोट एकाएकी ताणलं किंवा धाप लागू लागली, तर तारखेची वाट न बघता यायचं, हे आईला आधीच सांगून ठेवावं लागतं. वार वेगळी असेल आणि सारं सुरळीत असेल, तर दर चार आठवड्यांची तपासणी सहसा पुरते. शब्द एकच, ‘जुळी’. पण वेळापत्रकं दोन. गरोदरपणाच्या कार्डावर वारेसाठी स्वतंत्र रकाना ठेवा, आणि तो रिकामा असेल तर रिपोर्ट अपुरा समजला जावा.

एक सल्ला मात्र थांबवायला हवा: जुळी कळली की आईला सरसकट अंथरुणावर झोपवून ठेवणं. त्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असा पुरावा नाही. पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, अंगातली ताकद जाते, आणि नोकरी करणारीची रजा बाळं येण्याआधीच सरते.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक 37 आठवड्यांच्या आत जन्मतात. त्यामुळे कळा लवकर सुरू झाल्या तर कुठे जायचं, हे 24 व्या आठवड्यापर्यंत कार्डावर लिहिलेलं असावं. तिथे नवजात विभाग आहे का, एवढं विचारून पुरत नाही. दोन जागा एकदम मिळतील का, हे विचारावं लागतं. नाहीतर एक बाळ एका रुग्णालयात, दुसरं दुसरीकडे आणि टाके घातलेली आई तिसऱ्याच ठिकाणी अशी वेळ येते. बाळांच्या फुप्फुसांसाठी प्रसूतीआधी आईला द्यायच्या इंजेक्शनबाबतही स्पष्ट सूचना असू द्या: डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, एकूण चार. बाळं दोन म्हणून डोस दुप्पट होत नाही.

प्रसूतिकक्षात सगळं जोडीने हवं. दोन वॉर्मर आधीच तापवलेले, श्वास देण्याच्या दोन अंबू पिशव्या, लहान मापाचे मास्क, आणि प्रत्येक बाळामागे त्याचा श्वास सुरू करून देऊ शकणारा एक माणूस. एकच माणूस असेल तर पहिलं बाळ रडलं नाही, की दुसऱ्याला हात राहत नाही. नाळ कापताना पहिल्या बाळाच्या वारेकडच्या टोकाला एक चिमटा लावायचा, दुसऱ्याच्या टोकाला दोन. म्हणजे वार तपासताना कोणती नाळ कोणाची ते कळतं. वार एकच असताना तो पहिला चिमटा सैल राहिला, तर अजून पोटात असलेल्या बाळाचं रक्त तिथून वाहून जाऊ शकतं. पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर निव्वळ जुळी म्हणून सिझेरियन करावंच लागतं असं नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतल्या चाचणीत ठरवून केलेल्या सिझेरियनने बाळांचा धोका कमी झाला नव्हता. पण दुसरं बाळ मोकळी जागा मिळताच आडवं होऊ शकतं, म्हणून सोनोग्राफी यंत्र आणि बाळ हाताने वळवता येणारे डॉक्टर खाटेपाशीच हवेत. खूप ताणलेलं गर्भाशय नंतर नीट आवळत नाही, रक्तस्राव वाढतो. रक्ताची जुळणी आधी करून ठेवावी.

बाळं अतिदक्षता विभागात गेली की आईच्या दुधाचं घड्याळ सुरू होतं. शक्य तर पहिल्या तासात, निदान सहा तासांच्या आत, दूध काढायला बसवायला हवं. नंतर 24 तासांत आठ ते दहा वेळा, त्यातलं एकदा रात्री. पहिल्या दिवशी काही थेंबच निघतात. तेव्हा ‘दोघांना कसं पुरणार’ असं कोणी बोललं, की ती हाय खाते. वारंवार रिकामं होणारं स्तन अधिक दूध तयार करतं, दोघांपुरतंही करतं. त्या विभागात आईसाठी एक पाठीची खुर्ची आणि दुहेरी पंप ठेवायला फार खर्च येत नाही. कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच, दिवसाचे 8 ते 24 तास, कांगारू पद्धतीने छातीशी धरावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2022 ची शिफारस आहे. दोन बाळांसाठी त्याचा अर्थ दोन छात्या. भेटीच्या वेळेचं कारण देऊन वडिलांना किंवा आजीला बाहेर थांबवू नका.

आता घर. पहिल्या आठवड्यांत एका बाळाला दिवसातून किमान आठ वेळा पाजावं लागतं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि निजवणं याला 40 मिनिटं धरली, तर दोघांचे 640 मिनिटं, म्हणजे 10 तास 40 मिनिटं होतात. अंघोळ, कपडे, आईचं स्वतःचं जेवण आणि झोप यात धरलेलीच नाही. दोघांना एकदम पाजलं आणि एका फेरीला 50 मिनिटं लागली, तर तेच काम 6 तास 40 मिनिटांत होतं. हे चार तास म्हणजे आईची झोप. पण एकदम पाजणं आपोआप जमत नाही: दोन्ही काखांत एकेक बाळ, पाय मागच्या बाजूला, डोकी तळहातांवर, मांडीवर घट्ट उशी, आणि एकाला धरल्यावर दुसरं हातात देणारं कुणीतरी. हे शिकवायला आरोग्यसेविकेने पहिल्या आठवड्यात दोनदा तरी जावं, तेही पाजण्याच्या वेळी. दाराशी वजन लिहून परतणं म्हणजे घरभेट नव्हे.

थकलेल्या घरात चुकाही ठरलेल्या असतात. एकाच बाळाला लोहाचे थेंब दोनदा जातात, दुसरं कोरडं राहतं. यावर उपाय साधा: एकाच्या पायाच्या नखाला रंग, आणि पाळण्यापाशी एक कागद, त्यावर वेळ, कोणतं बाळ, कोणती बाजू, शू, शी, औषध. असा छापील तक्ता घरी सोडतानाच हातात द्या. दोघांना निजायला वेगवेगळी सपाट जागा असावी, दोघंही पाठीवर.

पुढच्या तपासण्यांत गोंधळ होतो तो तारखांचा. लशी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या असतात. बसणं, रांगणं, बोलणं मात्र मुदतीच्या तारखेपासून मोजायचं. फार लवकर जन्मलेल्यांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास व्हायला हवी, आणि ती नेमकी तेव्हाच चुकते, कारण एक बाळ घरी गेलेलं असतं, दुसरं अजून रुग्णालयात. तारीख प्रत्येक बाळाच्या कागदावर वेगळी लिहा.

जुळ्यांच्या आयांमध्ये बाळंतपणानंतरचं नैराश्य अधिक आढळतं. 10 प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली सहाव्या आठवड्यात भरून घ्यायला पाच-दहा मिनिटं लागतात. वडिलांनाही ती द्या.

रजेबद्दल वेगळं काय सांगावं? वरचे 640 मिनिटं एका माणसाच्या दिवसात बसवून पाहा. प्रत्येक जादा बाळामागे आईची रजा वाढावी, आणि वडिलांची रजा बाळं घरी येतील त्या दिवसापासून मोजावी. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ती संपू नये.

शेवटची मागणी लहान आहे. कधी दोघांपैकी एकच बाळ घरी जातं. त्या घरच्या कागदावर एकच जन्म लिहिलेला असतो, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत आईला नव्याने सांगावं लागतं की दोन होती. डिस्चार्जच्या कागदावर ‘जुळ्यांपैकी पहिलं’ किंवा ‘जुळ्यांपैकी दुसरं’ असं लिहिण्याची जागा ठेवा, आणि गेलेल्या बाळाच्या मनगटाचा पट्टा आईला हवा असेल तर तिच्याकडे द्या.

कळावे,

जुळ्या-तिळ्यांच्या कुटुंबांसोबत काम करणाऱ्या परिचारिका, सुईणी आणि स्तनपान समुपदेशक