टेस्टिंग रूममध्ये थुंकायचे भांडे हवेच

मा. संपादक, स. न.

गेल्या रविवारी आम्ही चार मैत्रिणी एका वायनरीच्या (वाइन बनवतात त्या ठिकाणच्या) टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे वाइन चाखून पाहायच्या खोलीत, गेलो होतो. माहिती देणारा मुलगा फार मनापासून सांगत होता. आधी पांढरी, मग लाल. पेला दांडीलाच धरा, नाहीतर हाताच्या उबेने वाइन गरम होते. लाल वाइन तोंडात घेतल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या, तेव्हा तो म्हणाला, हे टॅनिन नावाचे तुरट द्रव्य, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरते. पेला हलवण्याआधी आणि हलवल्यावर असा दोनदा वास घ्यायला लावला. दुसऱ्या वेळी खरोखरच वेगळा वास आला!

पण चाखलेली वाइन न गिळता थुंकायचे भांडे टेबलावर नव्हते. आमच्यातल्या एकीला परतीची गाडी चालवायची होती. तिने भांडे मागितले तर शेजारच्या टेबलावरचे हसले आणि ती ओशाळून गप्प बसली. पुढचे पेले तिने नुसते हुंगून बाजूला सारले, याचे मला फार वाईट वाटले. वाइन पारखणारे व्यावसायिक दिवसभरात कितीतरी वाइन चाखतात आणि थुंकतात; त्यात अपमान कसला? ५० मिलीचे पाच पेले म्हणजे पाव लिटर वाइन, तीही साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोलची. एवढी पोटात गेल्यावर गाडी चालवू नयेच.

वायनरीवाल्यांना कळकळीची विनंती आहे, भांडे न मागता टेबलावर ठेवा आणि ते कशासाठी आहे, हे पहिल्या पेल्याआधीच सांगा.

– एक वाचक