माझ्या हाताला क्रीम लावणाऱ्या मॅडमना, एनआयसीयूतल्या एका सिस्टरकडून

मॅडम, नमस्कार.

तुम्हाला व्हॉट्सॲपवर थँक्यू आणि हात जोडलेले इमोजी पाठवून झालेत, त्यावर तुमचं "अगं त्यात काय एवढं" पण येऊन गेलं, पण माझं काही समाधान होईना म्हणून हे उघड लिहितेय. नाव ना तुमचं घालत ना हॉस्पिटलचं. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि मला अजून तिथे नोकरी करायचीय.

बाकीच्यांसाठी थोडं आधीचं सांगते. मी एका जिल्ह्याच्या गावी एनआयसीयूत स्टाफ नर्स आहे, म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेली, कमी वजनाची बाळं. मध्यंतरी आमच्याकडे लागोपाठ काही बाळांच्या ब्लड कल्चरला, म्हणजे रक्तात जंतू आहेत का बघायच्या तपासणीत, क्लेब्सिएला आला. हा जंतू हातांवरून, सिंकसारख्या ओल्या जागांवरून पसरतो आणि बऱ्याचदा नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. झालं, मीटिंग बसली आणि पहिलंच वाक्य आलं, "सिस्टर लोक हात धुवत नाहीत." सिंक कोणी बघितलं नाही, रात्री किती बाळांमागे किती सिस्टर असतात हे कोणी विचारलं नाही. मेमोची भीती घातली आणि ठरलं काय, तर यांचं ट्रेनिंग ठेवा.

आता ट्रेनिंग म्हणजे काय ते आम्हाला पाठ होतं. इन्स्पेक्शनच्या तोंडावर नाईट करून आलेल्या मुलींनाही हॉलमध्ये बसवायचं, मुंगीएवढ्या अक्षरांच्या इंग्रजी स्लाईड्स, बॅनरसमोर फोटो, समोसा, सही, घरी. ५ मे ला हँड हायजीन डे म्हणून रांगोळी स्पर्धा, १२ मे ला नर्सेस डे चं गुलाबाचं फूल. २०२० ला आमच्यासाठी थाळ्या वाजल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या मैत्रिणीला घरमालकाने खोली सोडायला सांगितली, तू हॉस्पिटलमधून येतेस म्हणून. असो, तो विषय काढला की मी थांबत नाही.

अशाच एका ट्रेनिंगला बाहेरून आलेल्या एका सरांनी सांगून ठेवलेलं की आधी साबणाने हात धुवा आणि लगेच वरून हँडरब (पाण्याशिवाय हातावर चोळायचं अल्कोहोलवालं औषध) लावा, डबल प्रोटेक्शन. आम्ही इमानेइतबारे तेच करत होतो. एनआयसीयूत एका शिफ्टला हात किती वेळा स्वच्छ करावे लागतात ते मोजायच्या पलीकडचं आहे, त्यामुळे बोटांच्या पेरांवर भेगा, भेगांतून रक्त, आणि त्यावर ते निळं हँडरब पडलं की डोळ्यांत टचकन पाणी. घरी मिरची कापायला बसलं की दुसरी आग. दाखवलं की सांगायचे "ग्लोव्हज घाल ना मग". ओलसर हात, वर पावडरवाले ग्लोव्हज, म्हणजे होती नव्हती ती कातडी पण जायची.

तर तुम्ही आलात. मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या, कॉटनची साडी, खांद्याला झोळी. आल्या आल्या प्रोजेक्टर बंद करायला सांगितलात आणि आम्हाला हॉलमधून उठवून वॉर्डबाजूच्या खोलीत नेलंत. एका बाहुलीला काहीतरी लोशन चोपडलंत, आम्ही दोघी-तिघींनी तिचं डायपर बदललं, नोंदी केल्या, नेहमीसारखी कामं केली, आणि मग लाईट बंद करून तुम्ही तो निळा टॉर्च लावलात. फाईलवर चमकतंय, पेनवर चमकतंय, मॉनिटरचा अलार्म बंद करायच्या बटणावर तर लखलखाट. आणि सगळ्यात भारी म्हणजे कपाटाच्या कुलपावर. तेच कपाट ज्यात हँडरबच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, "फार लवकर संपतात" म्हणून. तुम्ही टॉर्च त्या कुलपावर जरा जास्त वेळ धरलात आणि एक शब्द बोलला नाहीत. इनचार्ज सिस्टर स्वतःच म्हणाल्या, किल्ली देऊन टाकते.

मग ती व्हिएन्नाची गोष्ट. सेमेलवाइस डॉक्टरांचं नाव आम्ही परीक्षेपुरतं घोकलेलं, १८४७, क्लोरीनच्या पाण्याने हात धुवा, संपलं. पण तिथे बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, एक सुइणींचा, आणि बायका जास्त मरत होत्या त्या डॉक्टरांच्या वॉर्डात, कारण ते पोस्टमॉर्टेम करून सरळ तपासायला यायचे, हे आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं! मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "आणि तपासतात मात्र आमचेच हात." तुम्ही जोरात हसलात. दुसऱ्या दिवशी राऊंडच्या वेळी तुम्ही दारात हँडरबची बाटली धरून उभ्या राहिलात, मोठे सर आले, तुम्ही फक्त बाटली पुढे केलीत, सरांनी निमूट हात पुढे केले. त्यानंतर आमच्यातली सगळ्यात ज्युनियर मुलगी पण "सर, हात" असं म्हणते.

पण मला लिहायचंय ते डब्याच्या वेळचं.

तुम्ही आमच्यातच जेवायला बसलेलात. मी चपातीचा तुकडा मोडला, लिंबाच्या लोणच्याचा खार भेगेत गेला आणि मी हात झटकला. तुम्ही ते बघितलंत. "बघू गं" म्हणून हात पुढे करायला लावलात. आमचे हात बघायला मागितले की नखं, अंगठी नाहीतर बांगड्या, हे ठरलेलं, म्हणून मी आधीच सांगायला लागले की नखं कालच कापलीत. तुम्ही हात उलटा केलात, चष्मा कपाळावर सरकवून पेरं बघितलीत आणि विचारलंत, "कधीपासून आहे हे?" उष्टा हात म्हणून मी ओढून घेत होते तर म्हणालात, जा धुऊन ये, गरम पाणी नको, आणि घासून पुसू नकोस, टिपून कोरडा कर. आले तर तुम्ही झोळीतून ट्यूब काढून बसलेल्या. आणि मग तुम्ही स्वतः लावलंत मॅडम. एकेका बोटाला, पेरांच्या मधे, बोलता बोलता, सगळ्यांच्या देखत. तुमचा वरणभात तसाच पडलेला. मी इतकी वर्षं नोकरी करतेय, दुसऱ्यांच्या लेकरांना तेल लावलंय, क्रीम लावलंय, माझ्या हाताला लग्नातल्या हळदीनंतर कुणी काही लावलं नव्हतं हो.

मग सगळ्याच जणींनी हात पुढे केले. ते टेबल बघण्यासारखं होतं.

तिथेच तुम्ही सांगितलंत की दोन्ही एकदम करायचंच नाही. हात दिसायला मळलेले असतील, रक्त-शी-शू लागली असेल तर साबण आणि पाणी, ४० ते ६० सेकंद. नाहीतर नुसतं हँडरब, २० ते ३० सेकंद, ते सुकेपर्यंत ग्लोव्हज नाही. चांगल्या हँडरबमध्ये कातडी मऊ ठेवणारं घातलेलं असतं, त्यामुळे ते वारंवारच्या साबणापेक्षा सोसतं. ड्युटीवर व्हॅसलीन नको कारण त्याने लेटेक्सचे ग्लोव्हज कमजोर होतात, ते रात्री घरी. आणि फाटलेल्या कातडीवर जंतू जास्त टिकतात, म्हणजे ज्या हातांवर मेमो निघत होते ते हात दुरुस्त करणं हेच इन्फेक्शन कंट्रोलचं काम होतं! एवढ्या मीटिंगा झाल्या, एकानेही विचारलं नव्हतं की हँडरब लावताना तुम्ही तोंड वाकडं का करता.

मावशींचं पण राहिलंच. त्यांना कधी कुणी ट्रेनिंगला बोलावलं नव्हतं, तुम्ही त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलंत. आजवर त्यांना हायपो, म्हणजे साफसफाईचं जंतुनाशक क्लोरीनचं औषध, "अंदाजाने टाका" असंच सांगितलेलं. तुम्ही ५ टक्क्याच्या हायपोला चौपट पाणी म्हणजे १ टक्का हे त्यांना न वाचता कळावं म्हणून बादलीला आतून मार्करने दोन रेघा मारून दिल्यात, एक औषधाची, एक पाण्याची. मावशी आता ती बादली दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आणि ती अंगारा घेऊन आलेली आजी. आम्ही अंगाऱ्यावरून रोज भांडायचो. तुम्ही तिला म्हणालात, "पुडी तुमच्या कनवटीला राहू दे, बाळ घरी आलं की लावा, आता आधी हात धुऊन त्याच्या आईला दूध पाजायला मदत करा," आणि आजी चक्क सिंककडे गेली. आवाज न चढवता माणसं ऐकतात हे मी आमच्या बिल्डिंगमध्ये फार कमी बघितलंय. तिथे ज्याचा आवाज मोठा तोच सीनियर.

आणि रिपोर्ट. इतरांनी लिहिलं असतं, स्टाफला अवेअरनेस कमी. तुम्ही लिहिलंत की रात्री एका सिस्टरकडे इतकी बाळं असतील तर प्रत्येक बाळाच्या आधी आणि नंतर हात होणारच नाहीत, कुणीही असलं तरी. डब्ल्यूएचओने २०१६ ला इन्फेक्शन कंट्रोलच्या ज्या ८ गोष्टी सांगितल्या त्यात ट्रेनिंग जसं आहे तसं स्टाफिंग आणि कामाचा बोजा पण आहे, हे आम्हाला तुमच्या रिपोर्टमुळे कळलं. आमच्या वरच्यांनी बहुतेक ट्रेनिंगपर्यंतच वाचलं असावं.

परवा फोनवर विचारलंत ना पुढे काय झालं. क्लेब्सिएला कायमचा गेला असं मी म्हणणार नाही, तुम्हीच ओरडाल. प्रत्येक वॉर्मरला, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या बेडला, हँडरब आलंय, क्रीमचा पंप चेंजिंग रूममध्ये आहे आणि तो संपला तर स्टोअरवाले कुरकुर न करता देतात. माझी पेरं भरलीत, फोटो पाठवते. नाईटच्या जादा सिस्टरचं मात्र अजून "बघू" चाललंय. म्हणून एक विनंती. पुढचं ट्रेनिंग मॅनेजमेंटचं घ्या, आणि रात्री घ्या, वॉर्डातच. सह्या आम्ही गोळा करतो, समोसे पण आमच्याकडून.

तुमचीच,
एनआयसीयूतली, लोणचंवाली सिस्टर