गुंता शांपूत नाही, कंगव्यात आणि पाण्यात

महोदय,

लांब केसांच्या निगेवर पुरवण्यांतून पुष्कळ छापून येते, पण बहुतेक मजकूर तेल-शांपूच्या नावांपाशीच संपतो. कंगव्याबद्दल क्वचितच कोणी लिहितो.

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब केसाचे टोक ५ वर्षांचे असते. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात; टोकाकडचे आधीच झिजलेले असतात, आणि असे खवले एकमेकांत अडकले की गुंता होतो. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या कंगव्याला दातांच्या कडेने जोडाची बारीक धार राहते, ती हे खवले आणखी खरवडते. तुळशीबागेत कंगवा घेताना दातांवरून नख फिरवून पाहावे. अडखळले तर ठेवून द्यावा. गुंता काढायला रुंद दातांचा, गोल टोकांचा कंगवा हवा. ब्रशच्या काड्यांच्या टोकांवरचे गोल मणी गळून पडायला लागले की तो ब्रश टाकलेलाच बरा, कारण उघड्या टोकांत केस अडकून तुटतात.

विंचरायला टोकापासून सुरुवात करावी. वर मुठीत केस घट्ट धरून खालचा चार बोटे भाग मोकळा करायचा, मग थोडे वर सरकायचे. मुळापासून कंगवा ओढला की सगळा गुंता खाली जाऊन त्याची गाठ बसते. ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतो, म्हणून सरळ केस बरेचसे वाळल्यावरच विंचरावेत. कुरळ्यांचे उलट आहे: कंडिशनर लावलेला असतानाच विंचरावेत.

शांपू मगभर पाण्यात कालवून फक्त टाळूला लावावा, टोकांना खाली ओघळणारा फेस पुरतो. कंडिशनर कानाखालच्या केसांनाच, २-३ मिनिटे. वेष्टनावर ‘बेहेनट्रायमोनियम’ किंवा ‘सेट्रिमोनियम क्लोराइड’ असावे. त्यांचा धन प्रभार झिजलेल्या, ऋण प्रभाराच्या केसाला धरून बसतो आणि केस निसटते होतात. धुण्याआधी खोबरेल तेल लावणे योग्यच, ते केसात मुरते. सुगंधी तेलांतले लिक्विड पॅराफिन मात्र वरच राहते. शिकेकाई उकळून फडक्याने गाळली तर उत्तम, नाहीतर चोथा केसांत अडकतो. ‘शिकेकाई साबण’ हा शेवटी साबणच, आणि जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात त्याचा चिकट थर केसांवर बसतो.

आता पाणी. उपनगरांतल्या अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. त्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर साचते, केस खरखरीत होतात आणि दोष मात्र शांपूला जातो. अशा ठिकाणी हे क्षार धरून ठेवणारे ‘ईडीटीए’ हे रसायन असलेला शांपू घ्यावा आणि शेवटी लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून केसांवरून ओतावे. आरओचे वाया जाणारे पाणी केसांना वापरा, असा एक सल्ला फिरतो. तो साफ चुकीचा आहे, कारण त्यात क्षार अधिकच एकवटलेले असतात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणतेची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. सोसायट्यांनी टँकरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि आकडा सूचना फलकावर लावावा, म्हणजे कोणता शांपू घ्यायचा हे रहिवाशांना जाहिरातीला विचारावे लागणार नाही.

— एक केशप्रसाधक, पुणे