मालवणच्या पंक्चरवाल्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण जे सांगायचं आहे ते चार लोकांसमोरच सांगायला हवं असं वाटलं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मी पिवळी पिशवी घेऊन दुकानात आले, तेव्हा तुमच्याकडे दोन स्कूटरी आणि एक टेम्पो थांबलेला होता. ती पिशवी माझ्या कयाकच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीच्या, नाळेत (पुढच्या टोकात) बसते. कयाक उलटली तर नाळेत पाणी शिरायला जागाच राहू नये, म्हणून ती फुगवून ठेवायची. माझ्या जुन्या कयाकला मागे बंद कप्पा आहे, पुढे नाही. कयाक उलटली आणि पिशवीत हवा नसली, की नाळ पाण्याने भरून खाली जाते, होडी उभी तरंगते आणि पाणी उपसताच येत नाही. चिवला किनाऱ्यावरून निघून रॉक गार्डनच्या खडकांबाहेरून परतेपर्यंत ती दर वेळी मऊ पडायची. किनाऱ्यावर उन्हात तापलेली हवा पाण्यात आकसते हे मला माहीत होतं, आणि ते खरंही आहे. तेवढ्या खऱ्यावर विसंबून मी तीन हंगाम काढले.

तुम्ही पिशवी टबात दाबलीत. एकही बुडबुडा नाही. मी ती परत घ्यायला हात पुढे केला, तर तुम्ही फुगवायची नळी वाकवलीत आणि तिच्या मुळातून बारीक माळ वर आली. कयाकमध्ये ती नळी कायम वाकलेलीच असते. मग ट्यूबच्या व्हॉल्व्हला लावता तसा पाण्याचा एक थेंब तोंडावर ठेवून तुम्ही झडपही तपासलीत. ती ठीक होती. पण पॅच मारायला तुम्ही नकार दिलात. “ह्यां रबर न्हय गो, माझो पॅच ह्येका धरूचो नाय.” प्लॅस्टिकचा लेप असलेल्या नायलॉनला वेगळा गोंद लागतो. दहा रुपये घेऊन काहीतरी चिकटवून दिलं असतंत, तरी मी समाधानाने गेले असते.

आणि मग तुम्ही विचारलंत, “हवेचां आनी काय आसा तुझ्याकडे?”

त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे, काका.

मी घरून लाइफ जॅकेट आणलं, पाण्यात तरंगत ठेवणारं. जुनं, दुसऱ्याकडून विकत घेतलेलं, दोरी ओढली की गॅसच्या नळकांड्याने फुगणारं. (पाणी लागताच आपोआप फुगणारं कयाकला चालत नाही, लाटेच्या शिंतोड्यानेच उघडतं.) असं जॅकेट तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होतात, तरी नळकांडं फिरवून काढलंत आणि त्याच्या तोंडावरचं सुईएवढं भोक मला दाखवलंत. “ह्यां रिकामां आसा.” शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ते अंगावर छापलेल्या वजनापेक्षा बरोबर 33 ग्रॅम कमी भरलं. 33 ग्रॅम म्हणजे सगळाच्या सगळा गॅस. आधीच्या मालकाने कधीतरी दोरी ओढली होती, आणि नळकांडं तसंच राहिलं होतं. ते अंगावर घालून मी एकटी, किनारा लहान दिसेपर्यंत आत गेले आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

जॅकेट तोंडाने फुगवून तुम्ही रात्रभर टायरांशेजारी खुंटीला टांगलंत. ते गॅसने फुगवून ठेवायचं नसतं, कारण तो गॅस चांगल्या कापडातूनही हळूहळू झिरपतो आणि नसलेली गळती दिसते. सकाळी ते तसंच टणक होतं.

मुंबईहून नवी नळकांडी आल्यावर मार्चमधल्या एका रविवारी, खारा वारा सुटायच्या आत, तुम्ही माझ्याबरोबर छातीभर पाण्यात उभे राहिलात. दोरी ओढली, काही सेकंदांत जॅकेट गळ्याशी आलं आणि नळकांडं हाताला बर्फासारखं लागलं. दुसऱ्या खेपेला ते तोंडाने फुगवायचं होतं. घरी पलंगावर बसून हे सोपं असतं. पाण्यात दर दुसऱ्या श्वासाला लाट तोंडात जात होती. चार प्रयत्न लागले. तेव्हापासून मी अंगात फोमचंच जॅकेट घालते. त्याला कोणी फुगवावं लागत नाही. हवेच्या वस्तू सोबत असतात, पण फोमच्या जागी नाही.

वल्ह्याच्या पात्यावर चढवायची पिशवी सर्वांत शेवटी. पाण्यातून परत कयाकमध्ये चढताना तिचा आधार घ्यायचा. ती फुगवली, वल्हं बसायच्या जागेमागे आडवं टाकलं आणि वर चढायला गेले, तर पिशवी पात्यावरून निसटली. पट्ट्याची कडी मी लावलीच नव्हती. मी तुमच्याकडे बघितलं, आणि तुम्ही म्हणालात, “मी हात लावचंय नाय.” तेव्हा राग आला होता. पाचव्या खेपेला चढले.

आता समुद्र बंद आहे. तिन्ही वस्तू गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, घडी न घालता माडीवर ठेवल्या आहेत. नळीच्या मुळाशी नवा गोंद लावला आहे, तो धरला का ते मात्र तुमच्या टबातच बघायचं आहे. नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात येते. या वेळी पंक्चरचे पैसे घ्या.

तुमची,
पिवळ्या पिशवीवाली